पाण्यात सापडत नाही, मग माशात कसं जाईल? (जैवसंचय चाचणीबद्दल मदत हवी)

रसायनी_लोकल (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. इथे रसायनशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघतो. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, पण गेली बारा वर्षं फक्त एक्सेल आणि ईमेल. आमचा एक माल आहे, रेझिनमध्ये घालायचा तेलकट द्रव. युरोपात जातो. आजवर वर्षाला १०० टनांच्या आत होता, यंदा त्याच्या वर गेला. साहेबांनी पेढे वाटले. आठवड्याने युरोपातल्या आमच्या ओन्ली रिप्रेझेंटेटिव्हची (तिथला आमचा कायदेशीर प्रतिनिधी) मेल आली: आता 'रीच' या युरोपच्या रसायन कायद्याचं पुढचं परिशिष्ट लागू झालं, तुमचं रसायन जलचरांमध्ये साठतं का ते सांगा.

हाताशी एवढंच आहे: सॉफ्टवेअरने काढलेला लॉग के-ओ-डब्ल्यू ५.२. सहज विघटन होत नाही, ती चाचणी झालेली आहे. बीसीएफ एका सूत्राने ५२०० येतो आणि दुसऱ्या मॉडेलने ६५०. यातलं खरं कुठलं?

साहेब म्हणतात, "अरे, आपला माल पाण्यात विरघळतच नाही. मग माशात जाईल कसा? तसं लिहून मोकळा हो." मी लिहिणार होतो, पण हात थांबला. लिहू का?

खवचट_आजोबा (सोमवार, रात्री ११:१५)

लिहू नका. त्याच वाक्यावर ते तुम्हाला पकडतील. बाकी हे सगळे युरोपवाल्यांचे नखरे. चाळीस वर्षं प्लांटमध्ये काढली, कुणी मासा मोजून मागितला नाही.

निवटी (मंगळवार, सकाळी ७:०५)

रसायनी, हात थांबला ते बरं झालं. साहेबांचं वाक्य नेमकं उलटं आहे. पाण्यात विरघळत नाही म्हणूनच माशात जातं.

मिसळीचा रस्सा आठवा. मिरचीचा लाल रंग पाण्यात राहत नाही, सगळा वर तर्रीत येतो. रस्सा गार झाल्यावर खालचं पाणी फिकट आणि वरचा तवंग लालभडक. आता नदी म्हणजे तो रस्सा आणि मासा म्हणजे त्यात पोहणारी चमचाभर तर्री. फरक इतकाच की ही तर्री कल्ल्यांमधून दिवसभर पाणी गाळत असते. पाण्यात रसायन मोजता येणार नाही इतकं कमी असलं, तरी प्रत्येक लिटरमधलं थोडं थोडं चरबीत मुरतं.

लॉग के-ओ-डब्ल्यू हे तर्रीचंच माप आहे, फक्त तेलाऐवजी ऑक्टॅनॉल नावाचं अल्कोहोल घेतात. तुमचा ५.२ म्हणजे ऑक्टॅनॉलमधलं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा सुमारे १,६०,००० पट. ३ किंवा त्याच्या आत असता तर 'साठण्याची शक्यता कमी' म्हणून चाचणीतून सूट मागता आली असती. युरोपात ४.५ च्या वर गेलं की संशयितांच्या यादीत. स्टॉकहोम करारात (टिकाऊ विषारी रसायनांवरचा जागतिक करार) रेघ ५ ला आहे. तुम्ही दोन्ही ओलांडल्यात.

आता तुमचे दोन आकडे. ५२०० बहुधा १९७९ च्या जुन्या समीकरणातून आला असावा: लॉग के-ओ-डब्ल्यूला ०.८५ ने गुणायचं आणि ०.७० वजा करायचे. त्यात मासा म्हणजे नुसती तेलाची पिशवी. ६५० देणाऱ्या मॉडेलने माशाला यकृतही असतं असं धरलंय. तुमचा रेणू यकृतात फुटतो की नाही, यावर सगळं अवलंबून. ते घरबसल्या कळत नाही.

ओळख द्यायची राहिली. मी आठ वर्षं एका प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या सांभाळल्या. आता दुसरं काम करतो, पण अजून पहाटे पाचला जाग येते.

वरसोलीची_सून (मंगळवार, सकाळी ९:३०)

धाग्याचं नाव बघून आले. निवटी नावाचा माणूस माशांवर प्रयोग करत होता हे वाचून हसू आलं. आमच्याकडे निवट्यांचं कालवण करतात हो 😄

एक भाबडा प्रश्न. बीसीएफ म्हणजे काय ते एका ओळीत सांगाल का?

निवटी (मंगळवार, सकाळी ९:५२)

ताई, कालवण मलाही आवडतं, नाव त्यावरूनच घेतलंय.

एका ओळीत: किलोभर माशात जितकं रसायन, भागिले लिटरभर पाण्यात जितकं. पाण्यात १ मायक्रोग्रॅम आणि माशात २००० मायक्रोग्रॅम, तर बीसीएफ २०००. युरोपात २००० च्या वर गेलं की 'जैवसंचयी', ५००० च्या वर 'अतिजैवसंचयी'. यात फक्त पाण्यातून, कल्ल्यांतून आलेलं धरतात. खाण्यातून आलेलं वेगळं मोजतात.

स्प्रेडशीट (मंगळवार, दुपारी १:२०)

मी रसायनवाला नाही, पण चाचणीची पद्धत वाचली आणि राहवलं नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०५ नंबरची पद्धत. मूळ १९८१ ची, १९९६ ला सुधारली, २०१२ ला पुन्हा. मासे साधारण २८ दिवस रसायन घातलेल्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, मग स्वच्छ पाण्यात. मधेमधे मासे काढून मोजायचे. पहिल्या भागातून आत जाण्याचा वेग मिळतो, दुसऱ्यातून बाहेर पडण्याचा. बीसीएफ म्हणजे या दोन वेगांचा भागाकार. गळक्या हौदाचं गणित आहे हे, शाळेतलं. नळ केवढा आणि भोक केवढं.

उदाहरणापुरते आकडे घेतो. आत जाण्याचा वेग दिवसाला किलोमागे ४०० लिटर, बाहेर पडण्याचा दिवसाला ०.१. भागाकार ४०००. म्हणजे 'जैवसंचयी' आहे, 'अति' नाही. सुटलो!

निवटी (मंगळवार, रात्री ९:१०)

हौदाचं गणित एकदम बरोबर, फक्त सुटका नाही. तुमचेच आकडे घेऊ.

चाचणीतले मासे लहान असतात, महिना-दीड महिन्यात वाढतात. मासा मोठा झाला की त्याच्यातलं रसायन पातळ झाल्यासारखं दिसतं. बाहेर गेलेलं काहीच नसतं, फक्त भागाकारातला खालचा आकडा वाढतो. म्हणून तुमच्या ०.१ मधून वाढीचा वेग वजा करावा लागतो. तो ०.०३ धरा, उरले ०.०७. आता ४०० भागिले ०.०७ म्हणजे ५७००. झालात 'अति'.

थांबा, अजून आहे. माशाच्या अंगात चरबी किती? निकाल ५ टक्के चरबीवर आणून मांडायचा असतो, नाहीतर तेलकट माशाचा आणि सुक्या माशाचा निकाल जुळायचा नाही. तुमच्या माशांत ४ टक्के निघाली तर ५७०० ला सव्वा पट, ७१०० च्या वर. टाकी तीच, मासे तेच, मोजमापही तेच. ४००० चे ७१०० झाले.

आणखी एक गंमत. ०.१ असताना २८ दिवसांत मासा ९४ टक्के भरतो, ठीक. पण एखादं रसायन ०.०२ वेगाने बाहेर पडत असेल, तर २८ व्या दिवशी हौद ४३ टक्केच भरलेला असतो. तेव्हाचा मासा काढून थेट भागाकार केला, तर खऱ्याच्या निम्म्याहून कमी आकडा येतो. जुने अहवाल वाचताना म्हणून मी आधी मागची पानं उघडतो: बाहेर पडण्याचा आलेख आहे का, वाढ मोजली का, चरबी मोजली का. यातलं काही नसेल तर पहिल्या पानावरच्या ठळक आकड्याला फारसा अर्थ नाही.

स्प्रेडशीट (मंगळवार, रात्री ९:२५)

माघार 🙏 शाळेत हौद वाढत नव्हता.

खवचट_आजोबा (मंगळवार, रात्री १०:०५)

वा! म्हणजे आकडा हवा तसा वळवता येतो, हेच सिद्ध केलंत. ज्याच्या हाती कॅल्क्युलेटर तो पारधी.

मी उदाहरण देतो. डी-५. पूर्ण नाव डेकामिथाइलसायक्लोपेंटासिलोक्सेन, सिलिकॉनचा कडीसारखा रेणू. तुमच्या बायकांच्या हेअर सिरममध्ये आणि पोरांच्या डिओमध्ये असतं ते. कॅनडा सरकारने २००८ साली पर्यावरणाला हानिकारक ठरवलं. उद्योगाने हरकत घेतली, तज्ज्ञांचं पुनर्विचार मंडळ बसलं, आणि २०११ मध्ये मंडळ म्हणालं की धोका नाही. सरकारने मुकाट मान्य केलं. तिकडे युरोपने २०१८ मध्ये नियम काढला की धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांत ०.१ टक्क्याच्या वर डी-५ नको, ३१ जानेवारी २०२० पासून. मासा तोच ना? मग कॅनडाचा मासा वेगळा पोहतो का?

थंडी_वाजतेय (बुधवार, पहाटे ३:४०)

आजोबा, हा विषय काढलात म्हणून लॉगिन केलं. मी नॉर्वेत असते, पर्यावरण रसायनशास्त्रात काम करते, आणि सिलोक्सेनपायी माझी बरीच संध्याकाळ प्रयोगशाळेत गेली आहे.

मासा तोच होता. फॅटहेड मिनो नावाचा बोटभर मासा, डी-५ चा बीसीएफ ७०६०. त्याचा धाकटा भाऊ डी-४, त्याचा १२,४००. दोन्ही ५००० च्या वर, याबद्दल फारसा वाद नव्हताच. वाद होता त्यापुढच्या प्रश्नाचा. कॅनडाच्या मंडळापुढचा प्रश्न होता, पर्यावरणात जेवढं डी-५ सापडतंय किंवा सापडू शकेल तेवढ्याने जिवांना इजा होईल का? डी-५ पाण्यात विरघळून विरघळणार किती, तर लिटरमागे १७ मायक्रोग्रॅम, आणि तेवढ्याने पाण्यातल्या जिवांना काही होताना दिसत नव्हतं. म्हणून 'धोका नाही'. युरोपचा प्रश्न असा की हे टिकतं का आणि साठतं का? दोन्हींचं उत्तर जोरदार 'हो' असेल तर किती इजा होईल याचा हिशोब करत बसत नाहीत, कारण एकदा गाळात आणि माशांत बसलेलं परत काढता येत नाही. दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. उद्योग युरोपातही कोर्टात गेला होता, २०२१ मध्ये दावा फेटाळला गेला.

माझं मत विचाराल तर प्रश्न युरोपचा बरोबर, पण कॅनडाच्या मंडळाला मूर्ख म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. डी-५ खरंच विचित्र आहे. लॉग के-ओ-डब्ल्यू ८ च्या आसपास. निवटींच्या जुन्या समीकरणात ८ घाला, बारा लाखांच्या वर उत्तर येईल. प्रत्यक्षात सात हजार. इतकं तेलप्रेमी रसायन पाण्यातल्या कचऱ्याला, शेवाळाला, टाकीच्या काचेला चिकटून बसतं, कल्ल्यापर्यंत मोकळं असं फार थोडं पोचतं. त्यातून मासा थोडं फोडतोही. शिवाय ते उडून जातं, टाकीत धरून ठेवणं हेच एक काम.

थंडी_वाजतेय (बुधवार, पहाटे ४:०५)

(मागचा प्रतिसाद लांबला म्हणून दुसरा. इथे झोप येत नाही, बाहेर अजून उजेड आहे.)

टाकीच्या बाहेर काय होतं ते बघायला लोक तळ्यांवर गेले. म्योसा हे नॉर्वेचं सगळ्यात मोठं सरोवर, काठावर हामार, यव्हिक, लिलेहामर ही गावं, त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यातच येतं. प्राणिप्लवक, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारा ट्राउट, अशा साखळीत डी-५ मोजलं. कोण कितव्या पायरीवर ते नायट्रोजनच्या जड समस्थानिकावरून ठरवतात, दर पायरीला ते थोडं वाढतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डी-५ पायरीगणिक सरासरी २.३ पट वाढताना दिसलं. तिकडे अमेरिकेत मिसिसिपीवरच्या लेक पेपिनमध्ये उलटं, वर जाता जाता कमी. दोन्हीकडे जबाबदार माणसं होती. तळ्यातली कुठली जात साखळीत धरली आणि कुठली वगळली, यावरही उत्तर हलतं, असं म्योसाच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं.

आणि हे मोजणं म्हणजे छळ. डी-५ तुमच्या अंगावरच असतं! नमुने घ्यायला जाणाऱ्यांना आदल्या दिवसापासून डिओ बंद, हेअर सिरम बंद, हँडक्रीम बंद. गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीतून आणि रबरी बुचातूनही सिलोक्सेन झिरपतं. पहिल्या वर्षी माझा कोरा नमुना (ज्यात काहीच निघायला नको तो) माशापेक्षा 'दूषित' निघाला होता. दोन दिवस शोधाशोध केली. शेवटी सापडलं, शेजारच्या बाकावरच्या मुलाने सकाळी केसांना काहीतरी लावलं होतं.

खवचट_आजोबा (बुधवार, सकाळी ८:१५)

हे मात्र झकास. दोन प्रश्न वेगळे होते हे मान्य. नखरे हा शब्द मागे घेतो, पण अर्धाच.

मधुरा_केळकर_नाही (बुधवार, सकाळी ११:००)

पण हे सगळं चरबीचंच गणित आहे का? मग पीएफओएसचं काय? आग विझवायच्या फेसातल्या त्या रसायनाबद्दल सारखं वाचते. ते तर तेलालाही चिकटत नाही म्हणतात.

थंडी_वाजतेय (बुधवार, दुपारी २:३०)

अगदी मर्मावर बोट. पीएफओएसला ऑक्टॅनॉल आणि पाण्याची चाचणी लावताच येत नाही, ते दोघांच्या मधे साबणासारखं तरंगत बसतं. चरबीत न जाता रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतं. नुसत्या लॉग के-ओ-डब्ल्यूवर चाळणी लावली असती तर ते निसटलं असतं. तरी ते ध्रुवीय अस्वलांत सापडलं, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम करारात गेलं.

दुसरी फट कल्ल्यांची. मासा श्वास पाण्यात सोडतो, त्यामुळे मध्यम तेलप्रेमी रसायन कल्ल्यांतून परत पाण्यात जाऊ शकतं. आपण श्वास हवेत सोडतो. जे रसायन हवेत सहज उडत नाही ते आपल्या फुप्फुसातून बाहेर पडणार कसं? २००७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की माशांच्या साखळीत न वाढणारी काही रसायनं दगडफूल, कॅरिबू, लांडगा या साखळीत वाढतात. त्यात बीटा-एचसीएच होतं आणि आपल्या ओळखीचं एंडोसल्फानही.

एंडोसल्फानचा बीसीएफ माशांत १००० ते ३००० च्या घरात, म्हणजे स्टॉकहोमच्या ५००० च्या रेघेखाली. भारताचा त्या यादीला बराच विरोध होता. शेवटी ते २०११ मध्ये यादीत गेलं, आणि त्याच वर्षी १३ मे रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या कासरगोडच्या एंडोसल्फान-पीडितांची पार्श्वभूमी असलेल्या याचिकेत अंतरिम बंदी घातली. ते कीटकनाशक होतं, रसायनीभाऊंचं औद्योगिक रसायन आहे, पण धडा तोच लागू: माशाचा आकडा रेघेखाली आला म्हणजे सुटका झाली असं नाही.

वरसोलीची_सून (बुधवार, दुपारी ४:१०)

सगळं वाचलं, निम्मं कळलं. आता माझा खरा प्रश्न. आमच्या खाडीला वरून कारखान्यांचं पाणी येतं. सासूबाई अजून ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढायला जातात. मुलं आवडीने खातात. तेलकट मासा नको आणि बोंबील चालेल, असं काही आहे का? घरात काय सांगू?

निवटी (बुधवार, संध्याकाळी ७:४५)

ताई, तुमच्या खाडीचं पाणी मी मोजलेलं नाही, त्यामुळे खा किंवा नका खाऊ हे मी सांगणं खोटेपणा होईल. जे नक्की माहीत आहे ते लिहितो.

तेलात राहणारी रसायनं, म्हणजे पीसीबी, डीडीटी वगैरे, तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशात जास्त बसतात. बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच, चरबी नाममात्र. पोटाकडचा चरबीचा भाग आणि कातडी काढली तर ही रसायनं काही प्रमाणात कमी होतात. पण पारा वेगळा. मिथाइलमर्क्युरी मांसातल्या प्रथिनाला धरतं, कातडी काढून, तळून, उकळून जात नाही. ते वाढतं मोठ्या, जुन्या, शिकारी माशात. मोठी मोरी किंवा थोराड सुरमई यांच्यात मांदेलीपेक्षा पारा साधारणपणे जास्त असतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना मोठे शिकारी मासे बेताने, हा सल्ला जगभर देतात. जपानमधलं मिनामाता आठवतं ना, पाऱ्याच्या विषबाधेचं? १९५६ मध्ये तिथल्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि त्याआधी तिथली मांजरं नाचल्यासारखी करून मरत होती. ती कोळ्यांच्या घरचे मासे खायची.

आता तिसऱ्या आणि कालवं. माशाच्या यकृतात बऱ्याच गोष्टी फुटतात. बेंझोपायरिन घ्या, डांबर आणि काळ्या धुरातलं. लॉग के-ओ-डब्ल्यू ६ च्या वर, पण मासा ते भराभर फोडतो म्हणून माशात फारसं साठत नाही. कालवाला ती सोय जवळजवळ नाही, शिवाय ते दिवसभर पाणी गाळतं. म्हणून समुद्रावर नजर ठेवायची तर शास्त्रज्ञ शिंपल्या गोळा करतात, अमेरिकेत तो सरकारी कार्यक्रम १९८६ पासून चालू आहे. तुमच्या सासूबाई ओहोटीला जे वेचतात तेच ते.

तेव्हा कालवं नाल्याच्या आणि धक्क्याच्या तोंडापासून लांबची काढा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा रॉकेलचा वास असेल त्या दिवशी नकोच. याच्या पुढचं मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. बाकी बीसीएफ हा आकडा ताटासाठी नसतो, परवान्यासाठी असतो.

वरसोलीची_सून (बुधवार, रात्री ८:२०)

तवंगाच्या दिवशी नको हे सासूबाईंना आधीच माहीत होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कालवाला घासलेटाचा वास मारतो, कोण खाईल?" धक्क्याचं मात्र सांगितलं, तिथे जवळच काढत होत्या. आभार.

रसायनी_लोकल (गुरुवार, रात्री ११:३०)

मंडळी, हा धागा प्रिंट काढून साहेबांना दिला. (आजोबांचे प्रतिसाद वगळून.) तर्री वाचून हसले, मग गप्प झाले. मग म्हणाले, "चाचणी उद्याच लावून टाक, आपल्याकडे मासे काय कमी आहेत?" लावू का? आणि इथली लॅब चालेल की युरोपातलीच हवी?

निवटी (शुक्रवार, सकाळी ६:५०)

उद्या लावू नका! दोन कारणं.

पहिलं कायद्याचं. या टप्प्यावर पाठीच्या कण्याच्या प्राण्यावरची चाचणी आधी करून मग कळवता येत नाही. युरोपीय रसायन संस्थेकडे चाचणीचा प्रस्ताव द्यायचा, ते ४५ दिवस लोकांकडून माहिती मागवतात की कुणाकडे आधीच उत्तर आहे का, मग होकार. मासे विनाकारण मरू नयेत म्हणून. आणि हो, चाचणीतला प्रत्येक मासा मरतोच, मोजायचा तर वाटावा लागतो. आठ वर्षांत त्याची सवय झाली नाही.

दुसरं, तुमच्याकडे पायाच नाही. ५.२ हा सॉफ्टवेअरचा आकडा. आधी तो मोजा. इतक्या तेलकट मालाला बाटली जोरात हलवायची पद्धत चालत नाही, तेलाचे बारीक थेंब पाण्यात लटकतात आणि आकडा बिघडतो. सावकाश ढवळायची पद्धत आहे, ओईसीडी १२३. पाण्यातली विद्राव्यताही मोजून घ्या. 'विरघळत नाही' हे साहेबांचं मत झालं, मला मायक्रोग्रॅम हवेत. मग ट्राउटच्या यकृतपेशींवरची चाचणी, ओईसीडी ३१९, २०१८ ची. गोठवलेल्या पेशींत तुमचं रसायन किती वेगाने फुटतं ते बघतात. ५२०० आणि ६५० यांतलं कुठलं जवळचं, याचा अंदाज तिथे येईल. हायालेला नावाच्या इवल्या कवचधारी जिवावरची चाचणीही २०२४ मध्ये ओईसीडीने स्वीकारली आहे, त्यात मासे लागत नाहीत. मात्र युरोपात ती माशाच्या जागी चालेल का, हे प्रतिनिधीला लेखी विचारा.

लॅब इथली चालते. जीएलपी (प्रयोगशाळेच्या चांगल्या कार्यपद्धतीची) मान्यता हवी. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सभासद आहे, इथला अहवाल तिकडे नाकारता येत नाही.

लॅब निवडताना दर विचारू नका, सायफन विचारा. गंमत नाही. आमच्याकडे एकदा पाण्यातला आकडा रोज सकाळी खाली जायचा. पंप तपासले, नळ्या बदलल्या. शेवटी कळलं की माशांना खायला घातल्यावर उरलेलं खाणं आणि विष्ठा अर्ध्या-एक तासात ओढून काढायची, ते रात्रपाळीचा मुलगा सकाळी एकदम काढत होता. रसायन त्या गाळाला चिकटून बसायचं. पाण्यातलं प्रमाण सरासरीच्या २० टक्के वरखाली एवढंच चालतं. आमचे तीन आठवडे आणि ते सगळे मासे वाया गेले.

थंडी_वाजतेय (शुक्रवार, दुपारी १२:१५)

एक जोड देते. विद्राव्यता फारच कमी निघाली, तर पाण्याऐवजी खाण्यातून द्यायची पद्धतही ३०५ मध्ये २०१२ पासून आहे. पण त्यातून बीसीएफ मिळत नाही, खाण्याच्या तुलनेत माशात किती ते मिळतं. त्याचं २००० च्या रेघेशी कसं जुळवायचं, यावर मग वकील आणि शास्त्रज्ञ दोघांचं पोट भरतं. पाण्यातून जमत असेल तर पाण्यातूनच करा.

रसायनी_लोकल (साडेतीन महिन्यांनी, रविवार, सकाळी १०:१०)

धागा वर काढतोय, माफी. निकाल सांगायचं कबूल केलं होतं.

सावकाश ढवळून लॉग के-ओ-डब्ल्यू ४.८ आला. साहेब खूश झाले, मी सांगितलं की रेघ ४.५ ला आहे. विद्राव्यता लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम. म्हणजे 'विरघळत नाही' हे खोटं आणि पाण्यातून चाचणी शक्य. यकृतपेशींत फुटतं, पण सावकाश. तो वेग घालून मॉडेलने १४०० दिला, चूक धरली तर २००० च्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही. प्रतिनिधीचं म्हणणं, एवढ्यावर भागणार नाही, मासा लागेल. प्रस्ताव गेला आहे.

लॅब ठरवताना सायफनचा प्रश्न विचारला. दोघांनी विषय बदलला. तिसऱ्याने मला टाकीपाशी नेलं, भिंतीवर वेळापत्रक होतं आणि सह्या होत्या. तिथेच देतोय. चाळीस टक्के महाग. साहेबांशी दोन दिवस अबोला होता.

एकच विचारायचं राहिलं. होकार आल्यावर मासे आणून लगेच सुरू करतात का? पीपीटीमध्ये तारखा टाकायच्यात.

निवटी (रविवार, दुपारी १२:४०)

नाही. मासे आले की निदान दोन आठवडे त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, त्याच खाण्यावर ठेवायचे. पहिल्या आठवड्यात फार मेले तर अख्खी तुकडी बाद, पुन्हा नवी मागवायची. त्यात महिना धरा. मग २८ दिवस आत, मग स्वच्छ पाण्यात किती दिवस ते रसायन किती वेगाने बाहेर पडतं त्यावर. पीपीटीत कुठलीही तारीख टाका, पण पेन्सिलने.